दिला की दिलात

रजनी, आधी खरं काय ते बोलून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. मला तुझा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, चांगला पोटात दुखेपर्यंत. तू जाऊन सतरा दिवस झाले. लोक येतात, बसतात, "सख्ख्या बहिणींसारख्या तुम्ही दोघी," म्हणतात, आणि मी पदराने डोळे पुसत मान हलवते. डोळे खरोखर पुसते हो, ते नाटक नाही. पण सख्ख्या बहिणी कसल्या? जावा होतो आपण. छत्तीस वर्षं बेंगळुरूत, बनशंकरीच्या एकाच घरात, मी खाली, तू वर, मधे तेरा पायऱ्या. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मी खाली बसून मोजायचे आणि सहावी झाली की आमच्या ह्यांना म्हणायचे, केला बघा डाळीचा गाळ.

लग्न होऊन आलीस तेव्हा हेव्याचा प्रश्नच नव्हता. उलट तुझं मराठी ऐकून मला पदर तोंडाला लावून आत पळावं लागायचं. जन्म बेंगळुरूचा, शाळा कानडी, घरात मराठी उरलेलं ते प्रार्थनेपुरतं आणि आजीशी भांडण्यापुरतं. "अक्का, मला भात स्वल्प वाढा." "अक्का, तुम्ही जेवला का?" मी नगरची. ते 'जेवला' मला दाताखाली खडा आल्यासारखं लागायचं. "जेवलात म्हण गं, जेवलात! तुमच्या गावात त मिळत नाही का?" तू हसून 'बरं'ला कानडी 'सरी' म्हणायचीस, "सरी अक्का, जेवलात." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अक्का, औषध घेतलं का तुम्ही?" त गिळलेलाच. छत्तीस वर्षांत तो त काही तुझ्या तोंडात बसला नाही.

चर्चमधली आपली मराठी मंडळी ती केवढीशी. पस्तीस-चाळीस माणसं, कानडी उपासना आटोपून सभागृह रिकामं झालं की दुपारी तीनला जमणारी. पण त्या पस्तीस माणसांत मराठी म्हणजे अक्का, शास्त्र वाचावं तर अक्कानं, असं होतं. बायकांचा शास्त्राभ्यास वीस वर्षं माझ्याकडे होता. दर वर्षी महिला रविवारी उपदेशाला मीच उभी राहायचे. तेवढंच माझं राज्य होतं, आणि मला ते पुरत होतं.

मग तू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालीस. तीस वर्षं पंपांचे भाग मापून पास-नापास केलेली बाई तू. केसाएवढा फरक दिसला तरी तो भाग बाजूला ठेवणारी. मला वाटलं, आता ही माझ्याजवळ बसून पापड लाटेल, लोणची घालेल. तर तू दोन बसा बदलून शहराच्या त्या टोकाला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे, बायबल मुळातून वाचायचं म्हणून, ग्रीक शिकायला जाऊ लागलीस! अठ्ठावन्नाव्या वर्षी! मी ह्यांना म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, गुडघे दुखले की उतरेल. गुडघे दुखले. तू गुडघ्याला पट्टा बांधून गेलीस.

आणि मग सुरू झालं तुझं ते 'मूळ ग्रीकमध्ये'. मी शास्त्राभ्यासात काही सांगायला तोंड उघडावं, की कोपऱ्यातून तुझा हात वर. "अक्का, स्वल्प बोलू का? मूळ ग्रीकमध्ये..." संपलं. सगळ्या माना तुझ्याकडे. एकदा मी पश्चात्तापावर बोलत होते, चांगली रंगात आले होते, दोघी-तिघींनी रुमाल काढले होते. तू म्हणालीस, "आपल्या शब्दात ताप आहे, अक्का. पश्चात, म्हणजे मागून आलेला ताप. ग्रीक शब्द मेटानोइया. त्यात ताप नाहीच. त्यात मन वळवायचंय. रडत बसायचं नाही, तोंड फिरवून चालू लागायचं." बायका म्हणाल्या, अगं बाई, खरंच की! रुमाल पुन्हा पर्सेत गेले. घरी आल्यावर मी तुझ्या वाटीत आमटी ओतताना विचारलं, "मूळ ग्रीकमध्ये मीठ कमी आहे का गं?" तू खो खो हसलीस. मी हसत नव्हते.

खरं सांगू? माझा राग ग्रीकवर नव्हता. तू सांगितल्यावर ते ओळखीचं वाक्य नवं दिसायचं, ते मलाही दिसायचं. त्याचाच तर जाळ होता. वीस वर्षं मी ज्या खोलीत राहिले तिथे एक खिडकी होती, आणि ती तुला दिसली. एकदा तू क्रियापदांचं सांगत होतीस. ग्रीकमध्ये मी, तू, तो असं वेगळं म्हणावंच लागत नाही, क्रियापदाच्या शेपटीत कर्ता असतो. मी म्हटलं, "त्यात काय मोठंसं! आपल्यात नाही का? जेवलास म्हटलं की तू, जेवलात म्हटलं की तुम्ही. शेपटी बघायची." तू वहीत लिहून घेतलंस. मला इतकं बरं वाटलं, की रात्रीच्या जेवणाला शेवया केल्या. कशासाठी, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता त्या वजडीच्या दिवसाकडे येते.

शनिवार होता. मी वजडी आणली होती, इथले लोक जिला बोटी म्हणतात ती, आणि मोरीत बसून गरम पाणी ओतत खरवडत होते. तू पायऱ्या उतरून आलीस, नाकाला पदर लावून दारात उभी राहिलीस. तुला येशूनं सांगितलेल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला एक शब्द छळत होता. स्प्लांख्निझोमाई. मी म्हटलं, शिंकलीस का? तू म्हणालीस, "अक्का, ऐका ना. रस्त्यात पडलेल्या माणसाला बघून शोमरोन्याला कळवळा आला, असं आपल्यात आहे. पण ग्रीक शब्द आतल्या अवयवांवरून आलाय. पोटात आतलं सगळं हललं त्याच्या. इंग्रजीत हे सांगायला पानभर लिहितात. आपण काय म्हणायचं?"

मी मान वर न करता म्हटलं, "आतडं तुटलं म्हण की. त्यात काय ग्रीक?"

मी वळून बघितलं तर तू माझ्या हातातल्या त्या आतड्याकडे बघत होतीस, आणि नाकावरचा पदर गळून पडला होता. मग म्हणालीस, "अक्का." एवढंच. आणि दोन दोन पायऱ्या चढून वर गेलीस, पट्टा बांधलेल्या गुडघ्याने.

त्या वर्षी महिला रविवारचा उपदेश पाळकसाहेबांनी तुला सांगितला. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणजे विचारलं, "अक्का, ह्या वर्षी रजनीबाईंना संधी देऊ या ना?" असं. त्याला काय विचारणं म्हणतात? मी हसून हो म्हटलं आणि लगेच जाहीर केलं, की मग चहाचं मी बघते. चहाचं दर वर्षी तरुण मुली बघतात. पण मला काहीतरी हातात हवं होतं.

तू उभी राहिलीस. निळी साडी, चष्मा, हातात कागद. आवाज आधी थरथरला, मग लागला. शोमरोनी आला. तो शिंकेचा शब्द आला. आणि मग तू म्हणालीस, "याला आपल्या मराठीत एक शब्द आहे. आतडं तुटणं." सभागृह असं गप्प झालं, की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मी मागच्या दाराशी उभी होते. माझा शब्द! माझ्या मोरीतला, माझ्या हातचा! मला ती शांतता सोसवेना. मी वळले, मागच्या व्हरांड्यात गेले आणि गॅसवर आधण ठेवलं.

उपासना सुटली. पहिली बाहेर आली ती आपली शेजारीण विमलक्का. तुला माहीतच आहे, तिचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले, शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाचा दिवा लावते आणि तू बोलणार म्हणून रविवारी आपल्यात येऊन बसली होती. डोळे लाल. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अक्का, शब्द काय दिला हो! शब्द काय दिला!" मी हात सोडवून घेतले आणि म्हटलं, "चहा घ्या." मग दुसरी, मग तिसरी. "काय शब्द दिला!" मी कप भरत राहिले. मग तू आलीस, चेहरा फुललेला. "अक्का, ऐकलं का?"

"ऐकलं," म्हटलं मी. "साखर घालू का?"

त्यानंतर अकरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू भाजी आणून दारात ठेवायचीस, मी उचलून घ्यायचे, कडी लावायचे. पाचव्या दिवशी तू दाराबाहेरून म्हणालीस, "अक्का, वजडीचं बोलायला नको होतं का मी? चुकलं माझं." मला वाटलं, झाली कबूल. चोरलं ते चोरलं, आता दाराबाहेरून गोड बोलते. बाराव्या दिवशी भावजींना ताप आला म्हणून मी पेज घेऊन वर गेले आणि बोलणं आपोआप सुरू झालं. पण तो विषय मी काढला नाही, आणि तूही पुन्हा काढला नाहीस. शास्त्राभ्यास मी सोडला. पाय दुखतात म्हणाले. तो तुझ्याकडे गेला. नंतर जिथे जाईन तिथे लोक मला तुझा तो उपदेश सांगायचे, आणि मी तीन वर्षं "हो, हो, छानच" म्हणत राहिले.

मग तुझं दुखणं. दवाखान्यात दुपारची पाळी माझी होती. एका दुपारी तू म्हणालीस, पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला तो प्रीतीचा अध्याय वाचा, तुमच्या तोंडून बरा वाटतो. मी वाचायला लागले. प्रीती हेवा करत नाही, इथे आले आणि मधेच थांबून मी पाणी प्याले. तू डोळे मिटूनच हसलीस. "मूळ ग्रीकमध्ये..."

"आता पुरे गं बाई," म्हटलं मी.

"झेलॉस, अक्का."

"काय झेललंस?"

"झेलॉस. हेवा. वर, आधीचा अध्याय संपताना, पौल म्हणतो, मोठ्या दानांसाठी हे करा. मग दोन-चार ओळींनी म्हणतो, प्रीती हे करत नाही. क्रियापद तेच. आपल्यात वर उत्कंठा लिहिलंय आणि खाली हेवा, म्हणून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात."

"मग करायचा की नाही करायचा?"

"त्यावरच तर तुमच्याशी भांडायचंय. घरी गेल्यावर भांडू."

मी पुस्तक मिटून ठेवलं. मला वाटलं, झोप लागली. तर तू हळूच म्हणालीस, "अक्का, त्या वेळी अकरा दिवस तुम्ही का नाही बोलला?"

'बोलला'. पहिल्यांदाच मी तो त दुरुस्त केला नाही. मी म्हटलं, "काही नाही गं. डोकं दुखत होतं."

"अकरा दिवस?"

"मोसंबी सोलू का?" म्हटलं मी, आणि सोलायला घेतली. तू माझ्या हातांकडे बघत राहिलीस. चार दिवसांनी तू गेलीस.

परवाच्या रविवारी तुझी स्मरण उपासना झाली. तुझा अमोल सर्जापूर रोडवरून आदल्या दिवशी येऊन पाया पडून गेला होता. "काकू, तुम्हीच बोला ना, प्लीज. मम्मीबद्दल तुमच्याएवढं कोणाला माहीत आहे?" मी हो म्हटलं, आणि देवाची शपथ सांगते, रजनी, मनात काय होतं ते. मला वाटलं, आता तरी. आता तिला काही लागायचं नाही, आणि माझं मला परत मिळेल. मी उभी राहिले. तुझ्या डाळीचं सांगितलं, पंपांचं सांगितलं, गुडघ्याच्या पट्ट्याचं सांगितलं, लोक हसले, रडले. आणि मग म्हटलं, "तुम्हा सगळ्यांना तो आतड्याचा उपदेश आठवत असेल. तर तो शब्द तिचा नव्हता. तो माझा होता. मी तिला दिला होता."

मला वाटलं होतं, सगळे चपापतील. कुणी चपापलं नाही. सगळे माझ्याकडे मायेने बघत राहिले, माना डोलावत. दुसऱ्या रांगेतून विमलक्का म्हणाली, "होय की, अक्का. तिनंच सांगितलं की ते."

"काय सांगितलं?"

"त्याच दिवशी. वर उभं राहून. म्हणाली, हा शब्द माझा नव्हे. मी कितीतरी दिवस पुस्तकं उलटत होते, आणि माझी अक्का मोरीत वजडी धुता धुता मान वर न करता बोलून गेली. मी ग्रीक शिकले तेव्हा कुठे मला कळालं, आमच्या घरात केवढं मराठी आहे ते. असं म्हणून तुमच्याकडे हात केला. आम्ही सगळे मागे वळलो. तुम्ही नव्हता."

मी तिथेच उभी. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली.

"पण तुम्ही मला 'शब्द काय दिला' म्हणालात," म्हटलं मी. काय बोलत होते कोण जाणे, स्मरण उपासना चाललेली, आणि मी व्याकरण काढून बसले. "दिला म्हणालात तुम्ही. मला वाटलं, तिनं दिला."

"मग काय म्हणायचं होतं?"

"दिलात."

विमलक्का बिचारी गोंधळली. "सरी अक्का. आम्ही इथले. आम्हाला ते त कुठं येतं?"

मला माहीत होतं, रजनी. तेच तर. दुसऱ्या कुणाला नसेल, मला माहीत होतं, की इथे कुणी तो त लावत नाही. छत्तीस वर्षं मी तुझ्या तोंडात तो कोंबत होते. तुला ऐटीत सांगितलं होतं, शेपटी बघायची. आणि माझ्यासाठी आलेलं वाक्य समोर आलं, तेव्हा मी शेपटी नाही म्हणून ते तुझ्या नावावर टाकलं आणि तीन वर्षं तुझ्यावर जळत बसले. वजडीचं बोलायला नको होतं का, असं तू दाराबाहेरून विचारलंस. तुला वाटलं, पस्तीस माणसांसमोर माझ्या मोरीतली वजडी काढली म्हणून मला राग आला. तू त्याची माफी मागत होतीस, आणि मी कडी काढली नाही.

तुझा तो मेटानोइया मला जमायचा नाही गं. तोंड फिरवून चालू लागायला समोर कुणीतरी हवं ना? मला आपला मराठी शब्दच बरोबर बसतो, मागून आलेला ताप. आणि झेलॉसवर तुला भांडायचं होतं तर माझी बाजूही ऐकून ठेव. पौलाचं लग्न झालेलं नव्हतं, त्याला जावा कुठून असणार? करा म्हणायला आणि करू नका म्हणायला त्याचं काय जातंय! मी दोन्ही केलं, एकाच वेळी, एकाच माणसाशी. तुझ्यासारखं व्हावं असंही वाटायचं, आणि तू नसावीस असंही. दोन्ही पोटातच होतं. तो शिंकेचा शब्द जिथे राहतो, तिथेच. हे तू वहीत लिहून घेतलं असतंस, मला खात्री आहे.

काल मी वर आले होते. भावजी झोपले होते. तुझ्या टेबलावरची पुस्तकं मी पुसली, उघडली नाहीत. मला ती वाचता येत नाहीत, आणि ह्या वयात दोन बसा बदलायची माझी ताकद नाही. शनिवारचा शास्त्राभ्यास पुन्हा घ्याल का, म्हणून बायका विचारतायत. घेईन म्हटलंय. कुणी कोपऱ्यातून हात वर करणार नाही, हे मात्र मला अजून सहन होत नाही. माझं आतडं तुटतं गं, रजनी. हे मी कुठल्या भाषेतून आणलेलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. अकरा दिवस मी का बोलले नाही, म्हणून विचारत होतीस. डोकं दुखत नव्हतं. तू माझं नाव घेतलंस, तेव्हा मी चहा ठेवायला गेले होते गं. आणि चहाची वेळ व्हायला अजून वीस मिनिटं होती.